होर्मुझ ते बीदर : अरबी घोड्याची सागरी वाहतूक आणि दख्खनची पुरवठा साखळी

दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढाया भरपूर असतात. कोणत्या सुलतानाने किती स्वार घेऊन कृष्णा ओलांडली, विजयनगरच्या फौजेत किती घोडदळ होते, हे आकडे विद्यार्थी पाठ करतात. तो घोडा आला कोठून, त्याला आणले कोणी, वाटेत त्याने काय खाल्ले, मेला तर नुकसान कोणी सोसले, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. आज वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात ‘आंतरराष्ट्रीय मालवाहतूक’ आणि ‘पुरवठा साखळी’ ही प्रकरणे शिकवली जातात. त्यांची उदाहरणे बहुधा कंटेनर, रॉटरडॅम आणि सिंगापूर अशी दूरची असतात. वास्तविक चौल, दाभोळ, गोवा आणि भटकळ या आपल्या किनाऱ्यावरील बंदरांतून पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी चाललेली घोड्यांची आयात हे या विषयाचे एक अस्सल आणि जवळचे उदाहरण आहे. या व्यापारावर राज्ये उभी राहिली, त्याच्या पैशावरून युद्ध पेटले आणि त्याच्या जकातीवर परकीय सत्तेने आपली राजधानी पोसली.

दख्खनच्या पठारावर घोडे अजिबात होत नव्हते असे नाही. लहान चणीची तट्टे येथे होतीच, पण चिलखती स्वाराला घेऊन दौडणारा उंच, दमदार घोडा येथल्या दमट पावसाळ्यात आणि अपुऱ्या कुरणांत नीट पोसला जात नसे. उत्तरेकडे खुश्कीच्या मार्गाने तुर्की व खुरासानी घोडे येत. दिल्लीच्या सत्तेपासून फुटून इ.स. १३४७ मध्ये गुलबर्ग्यास बहमनी राज्य स्थापन झाले, तेव्हा हा उत्तरेचा मार्ग भरवशाचा राहिला नाही. मग उरला समुद्र. दक्षिणेत त्याच सुमारास उदयास आलेल्या विजयनगरची गरजही तीच होती. एकच माल, एकच उगमस्थान आणि एकमेकांचे वैरी असलेले दोन मोठे ग्राहक, अशी ही बाजारपेठ होती. पुढील दोनशे वर्षांच्या राजकारणातील बऱ्याच गोष्टी या एका वाक्यातून उलगडतात.

हा व्यापार बहमनी काळात सुरू झाला असे मात्र समजू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तो पूर्ण भरात पाहिला होता. होर्मुझ, कीश, धोफार आणि एडन येथून घोड्यांची जहाजे दक्षिण भारतात जात. इराणी इतिहासकार वस्साफ याने याच काळातील एका कराराची हकीकत दिली आहे. कीश बेटाचा धनी मलिकुल इस्लाम जमालुद्दीन इब्राहीम तीबी याने मअबरच्या, म्हणजे पांड्यांच्या तमिळ किनाऱ्याच्या राजाशी दरवर्षी १४०० घोडे पाठवण्याचे ठरवले होते. इराणी आखातातील कतीफ, लहसा, बहरैन, होर्मुझ इत्यादी बंदरांतून मिळून एकंदर दहा हजार घोडे वर्षाला जात आणि प्रत्येकाची किंमत २२० दिनार धरली जाई, असे तो सांगतो. गुणाकार केला तर रक्कम बावीस लाख दिनार होते, आणि वस्साफही तोच आकडा देतो. आकडा फुगवलेला असेल, पण कराराचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. वाटेत मेलेल्या घोड्याची किंमतसुद्धा राजाने भरायची होती. या रकमेचा काही भाग देवळांच्या उत्पन्नातून येई, असेही वस्साफ नोंदवतो. जमालुद्दीनचा भाऊ तकीउद्दीन हा त्या हिंदू राजाचा वजीर होता. विक्रेता एका टोकाला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या टोकाला खरेदीदाराच्या दरबारात, ही व्यवस्था आजच्या कोणत्याही निर्यातदाराला हेवा वाटावा अशीच होती.

जहाज, वारा आणि चंदी

मार्को पोलोने होर्मुझची जहाजे पाहून नाक मुरडले होते. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, डांबराऐवजी माशाचे तेल लावलेले, आणि वर तक्तपोशी नाही. खाली इतर माल भरायचा, तो कातड्यांनी झाकायचा आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करायचे, अशी तेथील पद्धत तो वर्णन करतो. व्हेनिसच्या माणसाला ही जहाजे दरिद्री वाटली. ती कुचकामी मात्र नव्हती. शिवलेली फळी लाटांच्या माऱ्यात थोडी लवते, एकदम तडकत नाही. त्यांना लागणारा काथ्या मात्र भारताच्या किनाऱ्यावरून व बेटांवरून जाई. म्हणजे ज्या जहाजातून घोडा येई ते जहाजही काही अंशी येथल्याच मालावर उभे असे.

या मालाची अडचण अशी की तो खातो, पितो, आजारी पडतो आणि घाबरतो. मिरीची पोती महिनाभर पडून राहिली तरी बिघडत नाहीत. घोड्याला रोज पाणी लागते, आणि तेही मुबलक. जहाजावर पाण्याची जागा वाढली की मालाची जागा कमी होते. होर्मुझ तर पाण्याच्या बाबतीत नापीकच. मार्को पोलोच्या वेळचे होर्मुझ इराणच्या मुख्य भूमीवर होते. इ.स. १३०० च्या सुमारास ते जरून बेटावर हलले, आणि या बेटावर गोड्या पाण्याचा ठणठणाट होता. पिण्याचे पाणी शेजारच्या किश्म बेटावरून व मुख्य भूमीवरून आणावे लागे. अशा उजाड बेटावर जगातील एक श्रीमंत बाजारपेठ वसली याचे कारण एकच, ती वाहतुकीच्या नाक्यावर होती.

वेळापत्रक वाऱ्याच्या हाती होते. अरबी ‘मौसम’ या शब्दातून मराठीत मोसम आला आणि युरोपीय भाषांत मान्सून गेला. जूनपासून कोकणची बंदरे बंद होत. म्हणून आखातातून निघणारी जहाजे एकतर पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, किंवा पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इकडे येत. अनुकूल वारा मिळाल्यास धोफारहून भारतापर्यंत महिनाभराचा प्रवास होई, असे इब्न बतूता सांगतो. वर्षातून दोनच खिडक्या, आणि त्या चुकल्या की भांडवल सहा महिने अडकले. घोडा मात्र त्या सहा महिन्यांतही चंदी खातच राहणार.

आल्यावरही संकट संपत नसे. दक्षिणेत घोडे फार मरतात, वर्ष संपेपर्यंत बरेचसे गेलेले असतात, आणि आखाती व्यापारी मुद्दाम सलोतरी व नालबंद तिकडे जाऊ देत नाहीत, म्हणजे दरवर्षी नव्या घोड्यांची मागणी कायम राहावी, असा आरोप मार्को पोलोने केला आहे. हा आरोप अनेक पुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापला गेला. त्याकडे जरा सावधपणे पाहावे. दमट हवा, नवे रोग आणि बदललेला आहार ही कारणे मृत्यू ओढवायला पुरेशी होती. भारतात शालिहोत्राची, म्हणजे अश्ववैद्यकाची परंपराही जुनीच आहे. तरीही आरोपात एक गोष्ट खरी आहे. ज्या मालाचा ग्राहक दरवर्षी परत येतो तो माल व्यापाऱ्याला सर्वांत प्रिय असतो.

एका रशियन व्यापाऱ्याचा एक घोडा

या साखळीतील प्रत्येक कडी एका माणसाच्या अनुभवातून दिसते. रशियातील त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन हा इ.स. १४७० च्या आसपास होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला. मस्कत, गुजरात, खंबायत असे करत सुमारे सहा आठवड्यांच्या प्रवासानंतर तो चौलला उतरला. तेथून पाली, पुढे घाट चढून जुन्नर. पावसाळ्याचे दोन महिने जुन्नरला काढावे लागले. तेथील बहमनी सरदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला, आणि धर्मांतर केल्यास घोडा परत व वर हजार सुवर्णनाणी देण्याचे आमिष दाखवले. निकितिन हतबल झाला. त्याची सुटका कोणी केली? ख्वाजा मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने. त्याने असदखानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. व्यापारी वर्गाची ही आपसातली पत होती. परदेशी सौदागराला नाडले तर पुढच्या मोसमात जहाजे दुसऱ्या बंदराला लागतील, हे खुरासानी ख्वाजाला स्थानिक सरदारापेक्षा चांगले ठाऊक असावे.

निकितिनची टिपणे घरगुती तपशिलांमुळे मोलाची आहेत. येथे घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, आणि ओझी त्यांच्यावरच लादतात, असे तो लिहितो. हे विधान सरसकट खरे नसले तरी बंदरापासून पठारापर्यंतच्या वाहतुकीचे चित्र त्यात आहे. घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असेही तो सांगतो. अरबस्तानात सातू आणि खजुरावर वाढलेल्या जनावराला दख्खनमध्ये आल्यावर खिचडी! चंदी बदलणे हा देखील आयातीचाच भाग होता.

घोडा अखेर बीदरला विकला गेला. बीदरपासून काही अंतरावर असलेल्या आळंदच्या जत्रेचीही निकितिनने नोंद केली आहे. शेख अलाउद्दीन यांच्या नावाने भरणाऱ्या या जत्रेत दहा दिवस बाजार चाले आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो म्हणतो. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथील लाडले मशायख यांचा दर्गा आपल्या वाचकांना परिचित आहे. पंधराव्या शतकात तो उरूस म्हणजे होर्मुझहून सुरू झालेल्या साखळीचे आतल्या भागातील मोठे वितरण केंद्रच होते. धार्मिक मेळा, पीक हाती आल्यानंतरचा काळ आणि खरेदीदारांची गर्दी या तिन्हींचा मेळ बसला की बाजार आपोआप भरतो.

सौदागर ते वजीर

बहमनी दरबारात व्यापाऱ्यांना मिळालेला मान याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. अहमदशहा बहमनी याला इ.स. १४२२ मध्ये तख्त मिळवून देण्यात बसऱ्याचा सौदागर खलफ हसन याचा मोठा वाटा होता. ऐन संकटात वाटेवर आलेल्या वणजाऱ्यांच्या तांड्यातील बैल आणि सौदागरांचे घोडे ताब्यात घेऊन त्याने दूरवर मोठे घोडदळ उभे असल्याचा आभास निर्माण केला, अशी हकीकत फिरिश्ता देतो. खरी असो वा रचलेली, या गोष्टीत दख्खनच्या वाहतुकीचे दोन्ही आधार एकत्र आले आहेत, वणजाऱ्याचा बैल आणि सौदागराचा घोडा. खलफ हसनला ‘मलिकुत्तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिळाला. सेनापतीला व्यापाऱ्याचा किताब देणारे राज्य आपले बळ कोठून येते हे ओळखून होते.

तोच किताब पुढे महमूद गावानला मिळाला. इराणच्या गीलान प्रांतातला हा माणूस इ.स. १४५३ मध्ये माल घेऊन दाभोळला उतरला आणि बीदरला येऊन राहिला. त्याच्या कारकिर्दीचे वर्णन करताना बीदरचा मदरसा, त्याची पत्रे आणि इ.स. १४८१ मधील त्याचा अन्याय्य वध यांवर भर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच्या कोकण मोहिमेकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणे आवश्यक आहे. खेळणा आणि संगमेश्वरचे राजे आपल्या ताफ्यांनी समुद्रावरची वाहतूक अडवत असत. दाभोळहून वाशिष्ठीच्या खोऱ्याने चिपळूण, तेथून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड हा मार्ग सुरक्षित ठेवायचा तर सह्याद्रीचे हे दुर्ग हाती असणे भाग होते. गावानने ते एकेक करून घेतले आणि इ.स. १४७२ मध्ये गोवा जिंकला. त्याच वर्षी बीदरचा मदरसा पूर्ण झाला, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्यासारखा आहे.

गोवा हातचा गेल्यावर विजयनगर स्वस्थ बसणे शक्य नव्हते. त्याच्या चिथावणीने बेळगावच्या राजाने गोव्याकडे हालचाल केली. उत्तरादाखल सुलतान मुहम्मदशहा तिसरा आणि गावान यांनी बेळगावचा किल्ला वेढून घेतला. नकाशा समोर ठेवला की यातील तर्क स्पष्ट होतो. गोव्याचे बंदर ज्याच्या हाती आहे त्याला घाटमाथ्यावरचे बेळगावही हवे, नाहीतर उतरवलेला माल घाटाखाली कोंडून राहणार. सीमाभागातील विद्यार्थ्यांना बेळगावचा किल्ला दाखवताना ही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

या स्पर्धेची काळी बाजूही आहे. भटकळ व होन्नावर येथील अरब वंशाचे मुसलमान व्यापारी विजयनगरच्या आश्रयाने राहत. ते बहमनी राज्यालाही घोडे विकतात या रागातून पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची कत्तल करण्यात आली आणि उरलेले गोव्याकडे पळाले, असे पोर्तुगीज इतिहासकार बार्रोस सांगतो. या प्रसंगाला केवळ धार्मिक वैराचे रूप देणे सोपे आहे, पण पुरावा वेगळे सुचवतो. त्याच विजयनगरच्या फौजेत मुसलमान सैनिक होते. आखाती सौदागर त्याच दरबारात मानाने बसत. घोड्यांचा व्यापार केवळ मुसलमानांच्या हाती होता असेही नाही. तमिळ शिलालेखांत ‘कुदिरै चेट्टी’, म्हणजे घोड्यांचे शेट्टी, भेटतात. भटकळला राग होता तो शत्रूला सामरिक माल पुरवला याचा. आजच्या भाषेत त्याला निर्यातबंदीचा भंग म्हणतील. त्याची किंमत निरपराध कुटुंबांनी मोजली, हेही आजच्यासारखेच.

कृष्णदेवरायाने यातून वेगळा धडा घेतलेला दिसतो. त्याच्या ‘आमुक्तमाल्यदा’ या तेलुगू काव्यात राजनीतीचा जो भाग आहे, त्यात बंदरे सुधारावीत आणि दूरदेशीचे हत्ती-घोडे आणणाऱ्या व्यापाऱ्यांना गावे, चांगली घरे व योग्य नफा देऊन आपलेसे करावे, म्हणजे ती जनावरे शत्रूकडे जाणार नाहीत, असा उपदेश आहे. तलवारीने जे साधले नाही ते सवलतीने साधावे, असा हा विचार.

मेलेल्या घोड्याचे शेपूट

सोळाव्या शतकात विजयनगरला आलेला घोड्यांचा पोर्तुगीज व्यापारी फेर्नांव नुनिझ याचा वृत्तान्त या विषयावर सर्वांत रोखठोक आहे. साळुव नरसिंह राजा होर्मुझचे घोडे जिवंत असोत वा मेलेले, हजार पारदांवांना तीन या भावाने घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याचे फक्त शेपूट आणून दाखवले तरी पुरेसे होते, त्याचे पैसे जिवंत घोड्यासारखेच मिळत. वस्साफने सांगितलेली अट दोनशे वर्षांनंतरही टिकून होती, फक्त आता तिला पुराव्याची जोड मिळाली होती. सागरी विम्याचा व्यवसाय तेव्हा इटलीत रुळत होता. दख्खनमध्ये विम्याचे काम खरेदीदार राजाच करत होता. असा हप्ता न घेता विमा देणारा राजा मालाच्या टंचाईने किती गांजलेला असेल, याचा अंदाज या एका शेपटावरून येतो.

कृष्णदेवराय दरवर्षी तेरा हजार घोडे घेई, असेही नुनिझ म्हणतो. हा आकडा अनेकदा ‘तेरा हजार अरबी घोडे’ असा उद्धृत केला जातो. ते बरोबर नाही. त्यात होर्मुझचे आणि देशी असे दोन्ही घोडे आहेत. उत्तम घोडे राजाच्या पागेत राहत, बाकीचे सरदारांना दिले जात.

रायचूरच्या इ.स. १५२० मधील युद्धाचे निमित्त नुनिझ सांगतो, ते तर वाणिज्याच्या वर्गात पतव्यवहाराचे उदाहरण म्हणून शिकवावे असे आहे. कृष्णदेवरायाने सिदी मरकार नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याला गोव्यातून घोडे आणण्यासाठी चाळीस हजार पारदांव देऊन पाठवले. फोंड्याला पोहोचल्यावर तो पैशांसह आदिलशहाच्या आश्रयाला गेला. रायाने माणूस आणि रक्कम परत मागितली, इस्माईल आदिलशहाने टाळाटाळ केली, आणि फौजा निघाल्या. रायचूरच्या दुआबावरचा वाद फार जुना होता, तेव्हा हे कारण नसून निमित्तच म्हणावे लागेल. पण निमित्त म्हणून ते पुरेसे पटले, यातच त्याचे महत्त्व आहे. राजाने आगाऊ रोख रक्कम एका मुसलमान व्यापाऱ्यावर विश्वास ठेवून दिली होती, हेही नजरेआड करू नये. असा विश्वास रोजचा असल्याशिवाय एवढी रक्कम कोणी कोणाच्या हाती देत नाही.

तोवर बंदराचा मालक बदललेला होता. अफोन्सो द अल्बुकर्क याने इ.स. १५१० मध्ये गोवा घेतला. मे महिन्यात तो गमावला आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकला. इ.स. १५१५ मध्ये होर्मुझही त्याच्या कबजात आले. साखळीची दोन्ही टोके एका हाती आली. मधल्या समुद्रासाठी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना होता, तो नसलेले जहाज लुटीस पात्र ठरे. घोड्यांची जहाजे गोव्यालाच लागली पाहिजेत असा दंडक झाला. पूर्वी चौल, दाभोळ, गोवा आणि भटकळ ही बंदरे एकमेकांशी चढाओढ करत आणि त्यामुळे सौदागराला सवलती मिळत. ती चढाओढ मोडली.

जकातीची रचना व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची याने इ.स. १५६७ च्या सुमारास नोंदवली आहे. वीस किंवा अधिक घोडे आणणाऱ्या जहाजाला त्याच्यावरील कोणत्याही मालावर आयातजकात नाही. घोडे नसतील तर सर्व मालावर आठ टक्के. मात्र गोव्याबाहेर घाटाकडे निघणाऱ्या प्रत्येक घोड्यामागे ४२ पागोडा द्यायचे. ही योजना मोठी चलाख आहे. जहाजमालकाला आकर्षित करायचे, कारण तो दुसरीकडे जाऊ शकतो. भार टाकायचा तो पठारावरच्या राजांवर, कारण त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. फेदेरिची स्वतः ज्या तांड्याबरोबर विजयनगरला गेला, त्यात दोन व्यापाऱ्यांचे तीनशे घोडे होते. म्हणजे त्या एका तांड्यावर १२,६०० पागोडा जकात बसली. घोड्याची किंमत तीनशे-चारशेपासून हजार डुकातपर्यंत जाई, असे तो सांगतो.

घोडे कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे आता गोव्यातून ठरू लागले. इ.स. १५४७ मध्ये गव्हर्नर जोआंव द कास्त्रो याने विजयनगरशी तह केला. गोव्यात येणारे घोडे विजयनगरलाच मिळतील, आदिलशहाला नाही. बदल्यात विजयनगरचा सोरा आणि लोखंड अंकोला व होन्नावर येथे पोर्तुगीजांसाठी येईल. पुढच्याच वर्षी गोव्याने विजापूरशीही तह केला. एकाधिकार असलेल्या विक्रेत्याचे हे वागणे अपेक्षितच होते. ग्राहकांपैकी एक जरी नाहीसा झाला तर भाव पडणार, म्हणून दोघेही जगले पाहिजेत आणि भांडत राहिले पाहिजेत.

परतीच्या मालाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय हा व्यापार चाललाच नसता. होर्मुझ बेटावर धान्य पिकत नव्हते. भटकळहून तांदूळ, साखर आणि लोखंड होर्मुझला जाई, असे दुआर्ते बार्बोझा लिहितो. त्याखेरीज मिरी, आले, कापड. घोडा खाऊन-पिऊन येई तो भात जाण्यासाठी. कोकण-कानडा किनाऱ्यावरच्या भातखाचरात राबणाऱ्या कुळाला होर्मुझ हे नावही माहीत नसेल, पण त्याच्या तांदळावर ते बेट जेवत होते.

साखळी तुटते

२३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर शहर उद्ध्वस्त झाले. विजयी सुलतानांइतकाच, किंबहुना जास्त, परिणाम गोव्याच्या जकातनाक्यावर झाला. दोन ग्राहकांपैकी मोठा ग्राहक गेला. फेदेरिचीने त्यानंतरची अवस्था डोळ्यांनी पाहिली. सत्ता बळकावलेल्या तिरुमलाने व्यापाऱ्यांना निरोप धाडला की घोडे आणा, चांगला भाव देऊ, युद्धात गेलेल्या घोड्यांचीही भरपाई करू. व्यापारी आणि त्यांच्याबरोबर फेदेरिची विश्वासाने गेले. माल ताब्यात आल्यावर त्यांना एक पैसाही न देता वाटेला लावण्यात आले. मेलेल्या घोड्याच्या शेपटाचे पैसे देणाऱ्या दरबाराची ही अखेर होती. पत एकदा गेली की घाट आणि बंदर जागच्या जागी असूनही उपयोग होत नाही.

पुढे इ.स. १६२२ मध्ये शाह अब्बासने इंग्रजांच्या मदतीने पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतले आणि साखळीचे दुसरे टोकही सुटले. मोगल दख्खनमध्ये उतरल्यावर काबूलकडून खुश्कीने येणारे घोडे पुन्हा इकडे येऊ लागले. युद्धाची रीतही बदलत होती. चिलखती स्वारांची टक्कर मागे पडून डोंगरदऱ्यांतून चपळपणे फिरणाऱ्या हलक्या घोडदळाला महत्त्व आले. निजामशाहीत मलिक अंबरने आणि पुढे शिवाजी महाराजांनी ही रीत परिणामकारक केली. मराठी फौजेतील बारगीर आणि शिलेदार हा भेदही घोड्याच्या मालकीवरच आधारलेला आहे. बारगीराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. ज्या काळात एक घोडा पाचशे डुकातांना समुद्रापलीकडून येई, त्या काळात शिलेदारांची एवढी मोठी संख्या परवडलीच नसती. स्थानिक पैदास वाढल्याशिवाय हे शक्य नव्हते.

अरबी घोडा गेला, तरी त्याच्याबरोबर आलेली भाषा राहिली. लगाम, जीन, रिकीब, तबेला, नालबंद, सौदागर, चाबूक हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि खेड्यापाड्यांत रुजले. समुद्रावरचा नाखवा हा मूळचा फारसी नाखुदा. बंदर हा शब्दही तिकडचाच. कोकणातील कोळी आणि दालदी खलाशांच्या तोंडी ते आजही आहेत, आणि त्यांना कोणी परके म्हणत नाही.

रक्तही राहिले. भीमेच्या खोऱ्यात आयात घोडे व देशी तट्टे यांच्या संकरातून काटक, कमी चंदीवर भागणारा भीमथडी घोडा तयार झाला आणि मराठ्यांच्या घोडदौडीत तो नावारूपास आला. ब्रिटिश अमदानीत घोडदळाची मागणी बदलली, मुंबईच्या तबेल्यांत बसऱ्याचे अरबी घोडे येत राहिले, ऑस्ट्रेलियाहून ‘वेलर’ जातीचे घोडे लष्करासाठी येऊ लागले, आणि भीमथडीकडे दुर्लक्ष झाले. इ.स. २०२४ मध्ये राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. पुणे, सातारा, सोलापूर भागातील धनगर मेंढपाळांनी ती सांभाळली होती. पावसाळा संपला की त्यांचे वाडे कोकणच्या दिशेने उतरतात, आणि त्या घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, भांडी, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे लादलेली असतात.